हळद आणि कर्करोग

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात पिकणाऱ्या वायगाव हळदीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सामान्य हळदीपेक्षा तीत कुर्कुमिन हे पिवळे द्रव्य अधिक असते, हा तिचा लौकिक. सेलूच्या बाजारात कोणी चार पैसे अधिक मोजून ती घेतली, तर ते योग्यच होय. परंतु हीच हळद कर्करोगाचे औषध म्हणून विकली जाऊ लागली, तर शेतकरी बंधूंनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सावध झाले पाहिजे.

या समजुतीस मुळीच आधार नाही असे नव्हे. प्रयोगशाळेत काचपात्रात वाढविलेल्या कर्करोगाच्या पेशींची वाढ कुर्कुमिनमुळे खुंटते, असे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. अडचण पुढेच आहे. पोटात गेलेले कुर्कुमिन आतड्यांतून रक्तात फारच थोडे उतरते, व जे उतरते त्याचे यकृतात लवकरच रूपांतर होते. रुग्णांना रोज आठ ग्रॅमपर्यंत कुर्कुमिन देऊन पाहण्यात आले, तरी रक्तात ते नाममात्रच आढळले. हळदीत शेकडा तीन भाग कुर्कुमिन धरले, तर आठ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून अधिक हळद खावी लागेल. वरणात चिमूटभर हळद टाकणाऱ्या गृहिणीने हा हिशेब अवश्य करून पाहावा!

अन्न म्हणून हळद उत्तमच आहे. घात होतो तो वेळ दवडल्याने. तोंडातील जखम अथवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत बरा न झाल्यास तो डॉक्टरांना दाखविलाच पाहिजे. सेलूहून सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय काही फार दूर नाही. हळद लावून दोन महिने वाट पाहिली, तर जेथे लहानशा शस्त्रक्रियेने भागले असते तेथे जबडा काढण्याची पाळी येऊ शकते. आणि रात्री हळदीचे दूध घेणाराच दिवसभर खर्रा चघळीत असेल, तर त्या दुधाने काय साधणार? खऱ्ऱ्यातील तंबाखू तर घातक आहेच. नुसती सुपारीही कर्करोगास कारण होते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला आहे.

औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्यान्वये कर्करोग बरा करण्याची जाहिरात हा गुन्हा आहे. हळद उत्पादक गटांनी पुडीवरील मजकूर छापावयास देण्यापूर्वी तो या दृष्टीने एकदा वाचून घ्यावा.