उपाशी सापाला काय द्यावे?



श्रावण तोंडावर आला आहे. नागपंचमीच्या सुमारास काही गावांत अजूनही टोपली घेऊन कोणी ना कोणी येतोच. टोपलीचे झाकण उघडते, आतला नाग जेमतेम मान वर करतो, आणि आपली आजी म्हणते, "अगं बाई, किती वाळलाय! दूध आण गं." दया येणे चांगलेच आहे. पण दया करण्याचीही रीत असते. ती रीत ठाऊक नसली तर उपाशी साप उपासाने मरायच्या आधी आपल्या खाऊ घालण्याने मरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीत असेच झाले. वेलाच्या भाजीभोवती लावलेल्या नायलॉनच्या जाळीत एक धामण अडकली होती. किती दिवस अडकली होती कोण जाणे. मोठ्या मुलांनी जाळी कापून तिला सोडवली आणि तिला पाळून बरी करायचे ठरवले. पत्र्याच्या डब्यात ठेवली. पहिल्या दिवशी चमच्याने दूध, दुसऱ्या दिवशी कच्चे अंडे, तिसऱ्या दिवशी घुशीचे मोठे पिल्लू! येणारा-जाणारा डबा उघडून बघत होता. चौथ्या दिवशी तिने सगळे उलटून टाकले आणि पाचव्या दिवशी ती गेली. मुले रडली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण धामणीला त्या वेळी जे हवे होते ते सोडून बाकी सगळे तिला मिळाले.

मग तिला काय हवे होते? सर्वांत आधी पाणी. धडधाकट मोठा साप काही आठवडे न खाता राहू शकतो, पण पाण्यावाचून त्याचे तेवढे दिवस निघत नाहीत. उपाशी सापाच्या पाठीचा कणा धारेसारखा वर दिसतो, अंगावरची कातडी सैल पडून तिला घड्या पडतात, डोळे खोल जातात. कधी कधी कात अंगाला तुकड्या-तुकड्याने चिकटून राहते. असा साप वनखात्याच्या किंवा गुरांच्या डॉक्टरांच्या हाती गेला की ते त्याच्यापुढे भक्ष्य ठेवायची घाई करत नाहीत. पसरट भांड्यात स्वच्छ पाणी ठेवतात, तेही उथळ, म्हणजे अशक्त सापाचे डोके बुडायला नको.

दुसरी गोष्ट ऊब. साप थंड रक्ताचा प्राणी आहे. आपल्या अंगात जशी ऊब तयार होते तशी त्याच्या अंगात होत नाही. ती त्याला उन्हातून, तापलेल्या दगडातून घ्यावी लागते. अंगात ऊब नसली तर पोटातला उंदीर पचत नाही, तिथेच कुजतो, आणि साप तो उलटून टाकतो. आमच्या आळीतला डबा ओसरीच्या फरशीवर, भर पावसात होता! म्हणून सापाच्या पेटीची एक बाजू कोमट आणि दुसरी गार ठेवतात. आपल्याला काय सोसते ते साप स्वतः ठरवतो, इकडून तिकडे सरकतो.

तिसरी गोष्ट शांतता. हे आम्हा मुलांना सर्वांत अवघड! पेटी झाकून ठेवायची आणि उघडायची नाही. साप घाबरला की खात नाही, आणि खाल्लेलेही टाकतो.

अन्नाची पाळी यानंतर येते, आणि इथेच नवशिका चुकतो. त्याला वाटते, बिचारा महिनाभर उपाशी आहे, तर मोठा उंदीर द्यावा. शास्त्रज्ञांनी अजगराचा अभ्यास केला आहे. उपास लांबला की त्याचे आतडे आक्रसते आणि खाल्ल्यानंतर पुन्हा वाढते. म्हणजे उपाशी सापाचे पोट एकदम कामाला लागत नाही. आजारातून उठलेल्या माणसाला आपण पुरणपोळी वाढतो का? आधी पेज देतो, मग मऊ भात. सापाचेही तसेच आहे. एरवी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा भक्ष्य जाड नसावे असा ठोकताळा आहे. अशक्त सापाला त्याहून पुष्कळ लहान भक्ष्य देतात, आणि ते पचल्याची खात्री होईपर्यंत दुसरे देत नाहीत. खाल्ल्यावर निदान दोन दिवस त्याला हात लावत नाहीत. त्याने टाकलेच, तर लगेच पुन्हा भरवत नाहीत, आठ-दहा दिवस फक्त पाण्यावर ठेवतात. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहितात. तोंड उघडून कोंबणे हा शेवटचा उपाय, आणि तो डॉक्टरांचाच.

आता दुधाविषयी. आमच्याकडे पुष्कळ जण सांगतात की धामण म्हशीच्या पायांना वेढा घालून दूध पिते. माझ्या आजोबांचेही तेच म्हणणे आहे, आणि त्यांच्याशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही! तरी इथे लिहितोच. सापाला आपल्यासारखे ओठ नसतात, त्याला चोखता येत नाही. त्याचे दात सुईसारखे, मागे वळलेले. ते सडाला लागले तर म्हैस उभी राहील का? धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी. टोपलीतला नाग दूध पितो याचे कारण त्याला कित्येक दिवस पाणी दिलेले नसते. तहानेला जीव पुढे येईल ते पितो. ते दूध त्याला पचत नाही, आणि जबरदस्तीने पाजले तर श्वासनळीत जाते. शिवाय पुष्कळ नागांचे विषाचे दात उपटलेले असतात, तोंडात जखम होऊन पू झालेला असतो. अशा तोंडाने तो बेडूक तरी कसा पकडणार? आणि पालकहो, दात काढलेला नाग निर्धोक असतो असेही समजू नका. सापाचे पडलेले दात पुन्हा येतात.

काही मित्र म्हणतील, एवढे सगळे आम्ही शिकून घेऊ आणि घरीच करू. अमेरिकेत लोक बिनविषारी साप घरात पाळतात, हे खरे आहे. तिथे पिंजऱ्यात जन्मलेले साप मिळतात, आणि त्यांच्यासाठी गोठवलेले उंदीरही दुकानात विकत मिळतात. आपल्याकडचा साप रानातला आहे. नाग असो वा धामण, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे त्याला पकडून घरी ठेवणे गुन्हा आहे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला पूर्वी नागपंचमीला जिवंत नाग पकडून पूजत, त्यावरही न्यायालयाने बंधने घातली. मला हा कायदा पटतो. कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी दुसरे कारण उरतेच. अशक्त साप कोणता हे मुलांना नीट ओळखता येत नाही. वाळलेली घोणस दुरून अजगराच्या पिल्लासारखी दिसते, आणि ती उपाशी असली तरी तिचे विष कमी होत नाही.

"पण वनखात्याचा माणूस येईपर्यंत साप मरेल, त्याचे काय?" असे एका मैत्रिणीने विचारले. प्रश्न बरोबर आहे. आपण लांब उभे राहावे, कुत्री आणि बघे हटवावेत, ऊन कडक असेल तर मोठ्या माणसाने लांबूनच सावली करावी. जाळीत अडकलेला असेल तर ओढू नये, ओढल्याने दोरा आणखी रुततो. राज्याच्या वनखात्याचा १९२६ हा फोन आहे. गुरुजींनी तो वर्गाच्या दारामागे खडूने लिहिला आहे. सर्पदंश झाला तर मात्र १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठावा, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये.

टोपली घेऊन येणाऱ्या माणसाबद्दलही लिहायला हवे. तोही पोटासाठीच हिंडतो. त्याला हाकलून, शिव्या देऊन काही होत नाही. त्याला भाकरी द्या, पाणी द्या, पण सापाच्या खेळासाठी पैसे देऊ नका, आणि नागापुढे वाटी ठेवू नका. खेळाला पैसा मिळेनासा झाला की नाग पकडायचे कारणच उरत नाही.

पालकांना आणखी एक विनंती. काकड्या, दोडकी निघून गेली की वेलाभोवतीची नायलॉनची जाळी तशीच बांधावर सोडू नका. गुंडाळून माळ्यावर टाका. आमच्या आळीत या वर्षी सहा घरांनी ती काढली आहे, अजून चार घरांची राहिली आहे.