म्हातारं रिव्हॉल्वर आणि आपली सोवळी

मागच्या वर्षी लेकीकडे टेक्सासला गेलो होतो. जावयाच्या मित्राकडे कोल्टचं १८५१ च्या नमुन्याचं 'नेव्ही' रिव्हॉल्वर आहे. नक्कल नव्हे, अस्सल. तो मला रेंजवर घेऊन गेला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा चाप ओढला. मजा आली. खोटं कशाला बोला, खूप मजा आली!

संभाजीनगरला परतल्यावर कट्ट्यावर हे सांगितलं, तर एक ज्येष्ठ मित्र म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." हिंसेची हौस, अमेरिकन खूळ वगैरे. तेव्हा गप्प बसलो. आता बोलतो.

आधी हौस कसली ते ऐका. हे ठासणीचं रिव्हॉल्वर. चक्रीच्या प्रत्येक खान्यात मोजून काळी दारू घालायची, त्यावर शिशाची गोळी दाबून बसवायची, वरून ग्रीस लावायचं, नाहीतर एका खान्याची ठिणगी शेजारच्यात जायची. मग मागे एकेक टोपी. सहा बारांसाठी एवढा खटाटोप. हातात सव्वा किलोच्या आसपास वजन. बार झाला की ढगासारखा पांढरा धूर, टार्गेट दिसेनासं. आणि घरी येऊन गरम साबणाच्या पाण्याने धुवायचं, कारण त्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड गंजवते. यात मर्दुमकी शून्य. सगळी चिकाटी.

आता आमच्या मित्रांकडे वळू. त्यांच्या घरी खंडेनवमीला आजोबांच्या बंदुकीला झेंडूचा हार असतो. शेवटचा बार कधी झाला, नळी आतून धड आहे का, कुणाला पत्ता नाही. औरंगाबादेत शिकलेल्या अनंत कान्हेरेने २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकला जॅक्सनवर पिस्तूल चालवलं, हे मात्र ते भाषणात छाती फुगवून सांगतात. २०२४ मध्ये पॅरिसला आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेला नेमबाजीत कांस्य मिळालं तेव्हा पेढेही वाटले. म्हणजे हत्याराची पूजा चालते, गोष्ट चालते, पदक चालतं. एका म्हाताऱ्याने कागदावर नेम धरून आनंद घेतला की तेवढी हिंसा!

खरी हिंसा कुठे आहे? लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्यात. त्यासाठी २०१९ मध्ये कायदा बदलून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद करावी लागली. त्या बाराला कुणी खूळ म्हणत नाही, थाट म्हणतात.

कायदाही मजेशीर आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार जुनं हत्यार परवान्याशिवाय ठेवता येतं, पण दुरुस्त करूनही चालणार नाही असं असेल तरच. म्हणजे मेलेलं असेल तर वारसा, जिवंत असेल तर परवाना. पहिल्या महायुद्धातलं .४५५ चं वेब्ली तर प्रतिबंधित बोअर. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि वाडवडिलांचं हत्यारही त्यातच मोजलं.

मर्यादेला माझा विरोध नाही. अमेरिकेत १८९९ पूर्वीचं हत्यार केंद्रीय कायद्याच्या लेखी जवळपास मोकळं आहे. तसलं मला इथे नको. मी ब्रिटनकडे बोट दाखवतो. १९९६ मध्ये डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिका गोळीबारात गेल्या. १९९७ मध्ये त्यांनी जवळजवळ सगळी पिस्तुलं बंद केली. ठीकच केलं. पण त्याच कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाच्या पिस्तुलांसाठी एक खिडकी ठेवली: ती घरी न्यायची नाहीत, ठरलेल्या जागी कुलपात राहतील आणि तिथेच चालवायची. एवढं दुःख सोसलेल्या देशाला जे जमलं, ते आपल्याला का जमू नये?

बालेवाडीसारख्या सरकारी रेंजवर एक कुलूपबंद खोली, जाणकार शस्त्रकार, वर्षातून चार दिवस. जमा झालेल्या हत्यारांतली मोलाची आधी तपासून तिथे जावीत, मगच बाकीची भट्टीत. मालकी सरकारची, दारू मोजलेली, नळी तपासलेली. ज्यांना यायचं ते येतील. काचेच्या कपाटातलं रिव्हॉल्वर बघून इतिहास कळतो असं आपण धरून चालतो. काच वास देत नाही, धूर देत नाही, आणि हे यंत्र किती अवघड नि किती भयंकर होतं तेही सांगत नाही. सहा बार भरताना मला ते कळलं. हत्याराचा धाक मला त्या दिवशी वाटला, हार घालताना कधीच नाही.

असो. मित्रवर्य हे वाचतील, रागावतील. काका, भांडण नको. येत्या खंडेनवमीला हार घालण्याआधी एकदा जाणकार शस्त्रकाराकडून ती नळी तपासून घ्या. हारापेक्षा ती पूजा मोठी.