बुडालेल्या गावांचं दप्तर

गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. त्यानंतर वैनगंगेच्या फुगवट्याखाली भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावं गेली. त्यांचं स्मृतिसंग्रहालय असावं का, हा या अंकाचा विषय आहे. अशा संग्रहालयाचं एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेत आहे. केपटाउनमधल्या डिस्ट्रिक्ट सिक्स वस्तीतून वर्णभेदी राजवटीनं सुमारे साठ हजार माणसं हुसकली. १९९४ साली तिथं उभ्या राहिलेल्या संग्रहालयात जुन्या रहिवाशांनी जमिनीवरच्या नकाशावर आपापली घरं नोंदवली. तिथली हकालपट्टी वंशद्वेषातून झाली, इथं धरण सिंचनासाठी बांधलं, हा फरक आम्हाला मान्य आहे. पण घर सुटणाऱ्याची नोंद दोन्हीकडे सारखीच हवी.

‘आधी मोबदला आणि नागरी सोयी, संग्रहालय मग’ हा आक्षेप रास्त आहे. मात्र सातबाऱ्यावर नाव नसलेला, मासेमारी करणारा ढिवर किंवा शेतमजूर मोबदल्याच्या हिशेबात सहज निसटतो. कोण कुठं राहत होतं, काय करत होतं याचं दप्तर त्याच्या हक्कालाही आधार देईल. याच धरणाजवळच्या पवनीचे दोन हजार वर्षांपूर्वीचे स्तूप आपण १९६९-७० मध्ये उकरून काढले. कालच्या गावांबाबत एवढी उदासीनता का? प्रकल्पग्रस्त वाचकांनी, आणि कालव्याच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्यांनीही, आम्हाला जरूर लिहावं.