तपोदेच्या पायरीवर

गेल्या थंडीत आमच्या वस्तीतली एकोणतीस माणसं धम्मसहलीला निघाली, तेव्हा हिशेबाची वही नेहमीप्रमाणे आमच्याच गळ्यात पडली. कारकुनाला रजेतही सुटका नाही. बुद्धगया झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बस राजगीरला पोचली. आपल्या ग्रंथांतलं राजगृह ते हेच, बिंबिसार राजाची राजधानी. चहूबाजूंनी पाच टेकड्या. त्या टेकड्यांवरचं जंगल १९७८ सालापासून अभयारण्य आहे, सुमारे ३६ चौरस किलोमीटरचं. आणि वैभार टेकडीच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे.

पोरांचा पहिला प्रश्न, वाघ कुठे आहे? वाघ-सिंहांसाठी तिथे २०२२ साली जू सफारी सुरू झाली आहे. तिथे जनावरं मोठ्या कुंपणात मोकळी आणि माणसं बसमध्ये बंद. एकोणतीस तिकिटं आमच्या वहीत बसेनात, म्हणून आम्ही पायीच गृध्रकूटाची वाट धरली. वाटेत उतारावर नीलगायींची जोडी दिसली. माकडं तर एवढी, की एका ताईंच्या हातातला केळ्यांचा घड कधी गेला ते त्यांनाही कळलं नाही. खाऊ पिशवीतच ठेवा, ही सूचना आम्ही बसमध्ये दोनदा दिली होती.

आमचं म्हणणं असं, की अभयारण्याची पाटी इथे १९७८ साली लागली, पण वहिवाट फार जुनी आहे. बिंबिसाराने भगवान बुद्धांना दान दिलेल्या वेळुवनाचं पाली ग्रंथांतलं पुरतं नाव ‘वेळुवन कलंदकनिवाप’. म्हणजे खारींना चारा घालण्याची जागा. याच राजगृहात ‘मोरनिवाप’ होतं, तिथे मोरांना दाणे पडत. मद्दकुच्छीचं मिगदाय होतं, तिथे हरणांना अभय होतं. आणि गृध्रकूट म्हणजे गिधाडांचा सुळका.

सुळक्यावर पोचल्यावर पोरांनी आकाश धुंडाळलं. गिधाड काही दिसलं नाही. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचं औषध देत. ते मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्या देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्व्याण्णवहून जास्त संपली. गुरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. हे सांगत असता सहलीतले एक वयस्क काका म्हणाले, “माझा आजा मेलेलं ढोर ओढायला जायचा, तेव्हा ही आधीच येऊन बसलेली असायची. बाबासाहेबांनी सांगितलं, आपण ते काम सोडलं. यांना कोण सांगणार होतं?” त्यावर कुणी काही बोललं नाही. उतरताना काका आमचा हात धरून उतरले.

खरा वाद पेटला तो रात्री, धर्मशाळेत. उद्याच्या कार्यक्रमात आम्ही ‘सकाळी ६ वाजता, गरम पाण्याचे झरे’ असं लिहिलं होतं. आमचा एक तरुण कार्यकर्ता तडकला. “कुंडात डुबक्या मारायला आलोय का आपण? हे सोडूनच दिलंय ना?” त्याचं अगदीच चूक नव्हतं. त्या कुंडांना आज देवांची नावं आहेत, काठाला देवळं आहेत, अधिक महिन्यात तिथे मोठा मेळा भरतो. आक्का मात्र कोपऱ्यात गुडघ्याला तेल चोळत होत्या. तीस वर्षं रस्ता झाडून निवृत्त झालेली बाई. घरून निघतानाच त्यांनी जादा लुगडं बांधून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, “माझे गुडघे हिंदू बी न्हाईत आन् बौद्ध बी न्हाईत बाबा. नुस्ते दुखतात.”

सगळे हसले, पण प्रश्न सुटला नाही. मग आम्ही विनयपिटकातली गोष्ट सांगितली. या झऱ्यांचं पालीतलं नाव तपोदा. भिक्खू इथेच आंघोळीला येत. एकदा बिंबिसार राजा डोकं धुवायला तपोदेवर आला. भिक्खू पाण्यात होते. आर्यांची आंघोळ होऊ दे, म्हणून राजा बाजूला थांबला. भिक्खूंना भान राहिलं नाही, अंधार पडला. राजाची आंघोळ होईतो नगराचा दरवाजा बंद झाला आणि राजाला रात्र वेशीबाहेर काढावी लागली. सकाळी तो तसाच बुद्धांकडे गेला. बुद्धांनी भिक्खूंना बोल लावला आणि पंधरवड्याच्या आत आंघोळ करायची नाही, असा नियम घातला. पुढे अडचणी येत गेल्या तशा सवलती दिल्या: उन्हाळ्यात, आजारपणात, प्रवासात, वादळपावसात. आणि अंगमेहनतीचं काम केलं असेल तर.

“म्हंजे मला सूट हाय,” आक्का म्हणाल्या.

सकाळी धुक्यात पाण्याच्या वाफा दिसत होत्या. पोरांनी विचारलं, खाली चूल कोण पेटवतं? चूल नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल उतरतं, खोल जाल तशी जमीन तापत जाते, आणि तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. एका कुंडाचं पाणी ४५ अंशांच्या आसपास असतं, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी आणि हृदयविकारवाल्यांनी आत बसू नये. साबण नेऊ नये. समोरच्या विपुल टेकडीखाली मखदूम कुंड आहे, तिथे सूफी संत मखदूम शरफुद्दीन यांनी साधना केली होती. म्हणजे या पाण्याला शेजारी बरेच.

पायरीवर कपाळाला गंध लावलेले एक गृहस्थ पुढे आले. “गोत्र क्या है, माताजी?” आक्कांनी वळून आम्हाला विचारलं, काय म्हणतोय? आम्ही सांगितलं. आक्का म्हणाल्या, “सांगा त्याला, म्युनिसिपालटी.” गृहस्थही हसले आणि बाजूला झाले.

पुढचं आमच्या मुलांच्या आईने सांगितलं, कारण ती बायकांची बाजू. आक्का धारेखाली बसल्या, डोळे मिटले, दोन्ही गुडघ्यांवर पाणी घेतलं. पाच-सात मिनिटांत उठल्या. अजून बसा, म्हटलं तर म्हणाल्या, “मागं बाया ताटकळल्यात.”

बाहेर तो कार्यकर्ता त्यांची पिशवी धरून उभा होता. पाण्यात तो उतरला नाही, आम्हीही आग्रह केला नाही. आक्कांचं ओलं लुगडं त्याने दुसरं टोक धरून पिळू लागलं. मग आमच्याजवळ येऊन विचारलं, ती राजाची गोष्ट नेमकी कुठे आहे? हिशेबाच्या वहीचं पान फाडायचं नसतं. आम्ही शेवटचं पान फाडलं आणि लिहून दिलं: विनयपिटक, पाचित्तिय ५७.