पोरीच्या शिक्षणाचा हिशेब

पोरगं संगणकाची भाषा नव्याने शिकू लागलं, की सरावासाठी त्याला खर्चाचा हिशेब करणारा छोटा प्रोग्राम करायला सांगतात. वाचकहो, तुमच्या घरात असं कोणी असेल, तर खोटा हिशेब कशाला? धाकट्या बहिणीला शहरात कॉलेजला ठेवायचं तर वर्षाला काय लागेल, हेच त्याच्याकडून काढून घ्या.

बहुतेक ठिकाणी पायथन ही भाषा शिकवतात. ती १९९१ साली आली आणि फुकट मिळते. तिच्यात नवशिका एका जागी हमखास अडखळतो. खोलीभाडं १५०० आणि मेस ३००० भरली, की बेरीज येते १५००३०००! भरलेलं सारं ती अक्षरं समजते आणि एकापुढे एक चिकटवते. 'इंट' हा शब्द वापरला, की अक्षरांचा आकडा होतो. गंमत अशी, की मराठीतले १५०० ती बिनचूक ओळखते. पण ३,००० असा स्वल्पविराम दिला, की अडून बसते.

ही चूक निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी जास्त घातक. समजा, खोलीमालक सुटीचंही भाडं घेतो. म्हणजे बारा महिन्यांचे १८,०००. मेस दहाच महिने, ३०,०००. अनामत ३,००० एकदाच. झाले ५१,०००. पोराने सरसकट सगळ्याला बाराने गुणलं, तर होतात ९०,०००! तो आकडा ऐकून घरची मंडळी म्हणणार, "राहू द्या, एवढे आणायचे कुठून?" पोरगी घरी बसली! म्हणून प्रत्येक खर्चापुढे 'वर्षातून किती वेळा?' हे प्रोग्रामने विचारलंच पाहिजे. हा प्रश्न घर चालवणारीला आधी सुचतो. आईने शेजारी बसावं.

फीचा रकाना वेगळा ठेवा. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. पण खोली आणि मेस उरतेच.

शिवाय महिना विचारायला लावा. अनामत, पुस्तकं, मेसचे आगाऊ पैसे हे सगळं जुलै-ऑगस्टात येतं. तेव्हा हातातला पैसा बी-खतात गेलेला असतो आणि सोयाबीन घरात यायला दसरा-दिवाळी उजाडते. एकूण बेरजेखाली बारा महिन्यांच्या बारा ओळी निघाल्या, तर कोणत्या महिन्याला किती जुळवायचे ते आधीच कळेल.