शिकून काय मिळणार?

‘शिकून काय मिळणार? नोकऱ्या आहेत कुठे?’ असे तुम्ही अनेकदा ऐकले असेल. मालेगाव, भिवंडी यांसारख्या शहरांत काही मुले दहावीपूर्वीच शाळा सोडतात आणि यंत्रमागावर किंवा गॅरेजमध्ये कामाला लागतात. कष्टाचे कोणतेही काम हलके नसते. पण घाईने शाळा सोडली, की पुढचे अनेक मार्ग बंद होतात.

मन लावून शिकणाऱ्याला हवी तीच नोकरी मिळते, असे मी म्हणणार नाही. मात्र त्याला संधी मिळते, असे माझे ठाम मत आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १९३१ साली रामेश्वरम येथे झाला. लहानपणी ते वर्तमानपत्रे वाटत. मद्रासला अभियांत्रिकी शिकण्यासाठी घरात पैसे नव्हते. तेव्हा त्यांची बहीण जोहरा यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवली. कलामांनी त्या त्यागाचे मोल जाणले. एकदा विमानाच्या आराखड्याचे काम मागे पडले. शिष्यवृत्ती बंद होईल, अशी ताकीद प्राध्यापकांनी दिली. कलामांनी रात्र जागून तीन दिवसांत ते काम पूर्ण केले.

त्यांना वैमानिक व्हायचे होते. हवाई दलाच्या निवडीत आठ जागा होत्या आणि त्यांचा क्रमांक नववा आला. स्वप्न मोडले, पण शिक्षण वाया गेले नाही. त्याच शिक्षणाच्या बळावर १९५८ साली त्यांना सरकारी खात्यात विमानविषयक कामाची नोकरी मिळाली. पुढे १९८० साली त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या एसएलव्ही-३ या अग्निबाणाने रोहिणी उपग्रह अवकाशात सोडला. २००२ साली ते राष्ट्रपती झाले.

आता आपल्याकडे पाहा. आपली शाळा उर्दू माध्यमाची. त्यामुळे काही जण मराठी हा विषय केवळ पास होण्यापुरता वाचतात. परंतु पोलीस भरती आणि तलाठी भरती यांच्या लेखी परीक्षांत मराठीचेही प्रश्न असतात. तेथे परीक्षेच्या आदल्या रात्रीचे पाठांतर कामाला येत नाही. रोज एक उतारा वाचा, पाच नवे शब्द वहीत लिहा, एक छोटे पत्र लिहून पाहा. एका दिवसात फरक दिसणार नाही, पण वर्षभराने नक्की दिसेल.

संधी कधी येईल, हे आपल्या हाती नाही. ती येईल तेव्हा आपण तयार असणे मात्र आपल्याच हाती आहे.