चाक आधीं, चकाकी मागून

आमच्या शाळेच्या सायकलखान्यांत अलीकडे एक नवा प्रकार दिसूं लागला आहे. खालीं वळलेल्या हँडलाची, अरुंद टायरांची व पुष्कळ गिअरांची ही सायकल. मुलें तिला रोड-बाईक म्हणतात. ती हलकी आहे, वेगवान आहे, आणि दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यास खरोखर उपयोगी आहे. मुलांच्या या हौसेस आमचा मुळींच विरोध नाहीं. परंतु गेल्या सत्रांत एक पालक आम्हांस भेटले आणि मुलाच्या सायकलीसाठीं कर्ज काढावें कीं काय, असें त्यांनीं विचारलें. मुलगा हट्टास पेटला होता. मित्रांच्या सायकलींपुढें त्यास आपल्या सायकलीची लाज वाटत होती. त्या गृहस्थांस आम्हीं जें उत्तर दिलें, तेंच येथें सर्वांसाठीं लिहीत आहों.

आमचें मत थोडक्यांत असें: सायकल साधी, सुस्थितींतली व आपल्या मापाची घ्यावी, हातांतील रकमेचा पांचवा हिस्सा हेल्मेट, दिवा, पंप व जादा ट्यूब यांसाठीं बाजूस ठेवावा, आणि पुढें सुधारणा करावयाची ती प्रथम ब्रेकांत व टायरांत करावी.

मापाविषयीं प्रथम सांगतों. पुष्कळ पालक गणवेशाप्रमाणें सायकलहि वाढत्या अंगाची घेतात. सदरा मोठा झाला तर बाह्या दुमडतां येतात. फ्रेम दुमडतां येत नाहीं. आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंस पाय टेकून विद्यार्थी उभा राहिला असतां नळीच्या वर एकदोन इंचांची मोकळीक राहिली पाहिजे. मग सीटवर बसून टांच पायडलावर ठेवावी. पायडल सर्वांत खालीं असतां पाय सरळ झाला, म्हणजे सीटची उंची ठीक समजावी. ती फार खालीं राहिली तर गुडघे दुखूं लागतात. हँडलहि इतकें दूर नसावें कीं बोटें ब्रेकपर्यंत पोंचूं नयेत.

माप जुळत असेल तर जुनी सायकल घेण्यांत कांहींच कमीपणा नाहीं. मात्र नळ्यांचे सांधे उजेडांत नीट पाहावे. तेथें तडा असेल तर ती कितीहि स्वस्त असो, घेऊं नये. साखळी तपासण्यास दप्तरांतली फूटपट्टी पुरते. लगतच्या दोन खिळ्यांमधील अंतर अर्धा इंच असतें. म्हणजे अशीं 24 अंतरें मिळून बरोबर एक फूट भरलें पाहिजे. माप इंचाच्या सोळाव्या हिश्शानें वाढलें असेल तर साखळी बदलावयास आली. आठव्या हिश्शानें वाढलें असेल तर चक्रांचे दांतेहि झिजले असावे असें धरून किंमत ठरवावी. रिम पोलादी नसून ॲल्युमिनियमची असावी, कारण पोलादी रिमवर ब्रेक पावसांत फारच कमी धरतात.

टायरांस आम्ही एवढें महत्त्व कां देतों? बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवा भरलेल्या रबरी नळ्या बसविल्या, व 1888 सालीं त्या युक्तीचें पेटंट घेतलें. पुढच्याच वर्षीं विली ह्यूम या स्वारानें तसे टायर लावून बेलफास्टच्या शर्यतींत भरीव रबरांच्या सायकलींस मागें टाकलें. आजहि चांगला टायर जेवढें सुख देतो, तेवढें दुसरा कोणताहि सुटा भाग त्या पैशांत क्वचितच देतो. फ्रेममध्यें जागा असेल तर 25 मिलिमीटर रुंदीच्या टायराऐवजीं 28 किंवा 32 मिलिमीटरचा घालावा. आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर तोच बरा. मात्र घरच्या जुन्या काळ्या सायकलीचा टायर हिला चालेल असें समजूं नये. तिच्या 28 इंची चाकाच्या रिमचें माप 635 मिलिमीटर, तर रोड-बाईकचें बहुधा 622 असतें.

आतां गिअरांचा मोह. मागें 7 चक्रें असलेल्या स्वस्त सायकलीस 10 चक्रें बसवावयाचीं म्हटलीं, कीं साखळी व गिअर बदलण्याचे खटके बदलावे लागतात, आणि पुष्कळदा मागचें चाकहि. कारण स्वस्त सायकलींत चक्रांचा संच हबवर आट्यांनीं फिरवून बसविलेला असतो, व नव्या संचास निराळ्या जातीचा हब लागतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, तो हाच! टूर द फ्रान्स या विख्यात शर्यतीचे स्वार 1910 सालीं 2,115 मीटर उंचीचा टूरमाले घाट ओलांडून गेले. आणि धांवत्या सायकलीवर साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारें यंत्र वापरण्याची मोकळीक त्या शर्यतींत 1937 सालीं मिळाली. वजनाचेंहि तसेंच. 60 किलोचा विद्यार्थी व 11 किलोची सायकल मिळून 71 किलो होतात. महाग चाकें घालून अर्धा किलो वांचविला, तरी एकंदर ओझें शेकडा एकानेंहि कमी होत नाहीं.

हें शहाणपण आम्हांस पुस्तकांत मिळालें नाहीं. नोकरीच्या पहिल्या वर्षीं आम्हीं जुन्या सायकलीस पगारांतून नवे गिअर घातले, आणि ब्रेकचीं झिजलेलीं रबरें पुढल्या महिन्यांत पाहूं म्हणून तशींच ठेवलीं. श्रावणांतल्या एका सरींत उतारावर ब्रेक दाबले, तों सायकल थांबेना. आम्ही कुंपणावर जाऊन आदळलों. उजवें मनगट मोडलें, आणि सहा आठवडे फळ्यावर डाव्या हातानें लिहावें लागलें. मुलें तीं अक्षरें पाहून हंसत. दोष सायकलीचा नव्हता. आधीं काय व मागून काय, हें आम्हांस कळलें नव्हतें.

त्या पालकांनीं कर्ज काढलें नाहीं. बापलेकांनीं मिळून मापाची एक जुनी सायकल निवडली, टायर व ब्रेकचीं रबरें तेवढीं नवीं घातलीं. विद्यार्थिमित्रांनो, तो मुलगा आतां दर शनिवारीं साखळी स्वतः पुसून तेल घालतो, आणि त्याचे मित्र पंक्चर काढून घेण्यास त्याच्याकडेच जातात. लाजेचा विषय आम्हांस पुन्हा ऐकूं आला नाहीं.